कॉम्प्युटरने अडवलेला रिपोर्ट

हसू नका, पण घरात कुणी नुसतं शिंकलं तरी मी सगळ्यांचे बेत थांबवते. त्यात माझ्या मुलाला, ओजसला डेंग्यू झाला. जळगावच्या हॉस्पिटलात रोज त्याच्या प्लेटलेट मोजायचे. त्या दिवशी रक्त देताना त्याने इतका धिंगाणा घातला, की तिघांना त्याला धरावं लागलं. थोड्या वेळाने लॅबच्या मॅडम स्वतः वॉर्डात आल्या.

"ताई, रिपोर्ट कॉम्प्युटरने अडवलाय. पुन्हा रक्त घेऊ."

मी ताडकन उठले. "इतका वाईट आहे?"

"आकडा कालच्या निम्म्याहून कमी आलाय. एकदम एवढा फरक दिसला, की कॉम्प्युटर रिपोर्ट पुढे जाऊच देत नाही, आम्हाला तपासायला लावतो. मुलगा कसा आहे?"

मुलगा आजीच्या मांडीवर बसून केळीचे वेफर्स मागत होता.

"मग रक्त घेतानाच्या ओढाताणीत नळीत गुठळी झाली असणार," मॅडम म्हणाल्या. "त्यात प्लेटलेट अडकल्या, की मोजणीत येत नाहीत."

आणि तसंच निघालं. नव्या नमुन्यात आकडा कालच्यापेक्षा चांगला आला. मी रडले, अर्थात.

सासूबाई साक्रीकडच्या, अहिराणी बोलणाऱ्या. सगळं ऐकून त्या मॅडमना म्हणाल्या, "म्हंजे तुमनं मशीन मनी सूनसारखंच शे! जराक येगळं दिसनं का बठ्ठासले थांबाडस."

एरवी हा 'सगळ्यांना थांबवते'चा टोमणा मला झोंबतो. त्या दिवशी मी मॅडमना म्हटलं, "बघा, मला तर वीजसुद्धा लागत नाही."