एकेचाळीस चुका

—वाचलं सर, सगळं वाचलं, तीनशे बारा पानं, एकही गाळलं नाही. आत काय लिहिलंय तेवढं सोडून काहीही विचारा. माहितीये, तोंडी परीक्षा आहे, तेच विचारणार तुम्ही — पण खरं ते सांगते. रोज दहा पानं वाचा म्हणालात, वाचली. पाळी सुटली की इथेच, कँटीनच्या या बाकावर. झोप यायची का? झोपही नाही यायची. काहीच नाही यायचं. असं बघा, मी वीस वर्षं कापड तपासतेय. खाली दिवा, वर काच, काचेवरून कापड सरकत राहतं. त्यावर फुलं आहेत की रेघा, आपल्याला काय त्याचं? नजर थांबते ती खोट दिसली की — तुटका धागा, गाठ, तेलाचा डाग. किनारीला लाल दोरा बांधायचा आणि पुढे. तसंच वाचलं गेलं हे गिरणीच्या इतिहासाचं पुस्तक. गिरणीचा पाया कुणी घातला, यंत्रं किती आली, अध्यक्ष कोण झाला — सगळं सरकून गेलं. छपाईच्या चुका तेवढ्या सापडल्या. एकेचाळीस. चूक असलेल्या प्रत्येक पानाला दोरा आहे, बघा. हसा, जाऊबाई पण हसली. म्हणाली, पुस्तकाला मिश्या फुटल्यात.

कुठलं? दोनशे चौदा? — तिथे चूक नाही, बरोबर आहे तुमचं. चुकून बांधला असेल. राहू द्या ना. तुम्ही पण चिवट आहात हं, एवढं लांब शिकून परत आलात आणि आम्हाला शिकवायला बसलात, तेव्हाच म्हटलं, हा मुलगा काही सोडणार नाही. बरं, वाचा. ‘गोदामास आग लागून किरकोळ हानी झाली. जीवितहानी नाही. तीन आठवड्यांत उत्पादन पूर्ववत सुरू झाले.’ झालं? यात काय चूक आहे? एक मात्रा इकडची तिकडे नाही. हातानं दोरा बांधला, मला कळलंही नाही.

मी होते का तेव्हा? होते — म्हणजे त्या दिवशी नव्हते. दाढ दुखत होती. दाढच, दुसरं काही नाही. नोकरी नवी, खाडा झाला की काढून टाकायचे. मग घरातलं कुणीतरी आपला बिल्ला लावून जायचं, सगळेच करायचे, मुकादम बघून न बघितल्यासारखं करायचा. धाकटी बहीण गेली माझी. सतरा वर्षांची. तिला तर मजाच — बिल्ला लावून आरशात बघत बसली, उशीर होतोय म्हणून मीच ओरडले. गोदामात पाठवलं तिला, कापडाच्या गाठी मोजायला. दुसऱ्या दिवशी साहेबांनी सगळ्यांना आवारात उभं केलं आणि हजेरीपट घेऊन नावं पुकारली. ज्याचं नाव तो हजर. बिल्ला माझा, नाव माझं, आणि मी तर उभी तिथे. मग गेलं कोण? कुणीच नाही गेलं. मी ‘हजर’ म्हटलं, सर. चांगलं मोठ्यानं म्हटलं. आई फाटकापाशी उभी होती, तिला ऐकू गेलं. पुस्तकवाल्याची काय चूक? त्यानं हजेरीपट बघून लिहिलं.

हे सगळं लिहून काढा म्हणताय. कुठे लिहू? समासात बोटभर जागा आहे. आणि लिहून? तुमच्या हातातल्या कागदावर छापील उत्तर आहे, गुण त्याला आहेत. दहावी झाले तर नोंदीची खुर्ची मिळेल, बसून काम. नाही तर काचेपाशी उभी, अजून अठरा वर्षं, आणि डॉक्टर म्हणतात गुडघे दोन वर्षं निघाले तरी पुष्कळ. आणि फुकट गुण नकोत मला, वरून कुणी कागद तपासले तर तुम्हीच अडकाल. प्रश्न वगळू नका. बाकीच्यांना विचारलात तसाच विचारा.

हं — आगीचा काय परिणाम झाला?

किरकोळ हानी झाली, जीवितहानी नाही, तीन आठवड्यांत उत्पादन पूर्ववत सुरू झालं.

पेन का ठेवलंत खाली? शब्दाला शब्द बरोबर आहे, पूर्ण गुण आहेत त्याला — लिहा. आणि पुढचा विचारा, बाहेर बाकीच्या खोळंबल्यात.