पहिलं तापवणं

(सुट्टीच्या दिवशीची दुपार. प्लास्टिक तपासायच्या प्रयोगशाळेतली आतली खोली; दाराच्या वरच्या अर्ध्यात काच. आत दोघीच. बाई, इथल्या सर्वांत जुन्या, आणि त्यांच्या हाताखाली तयार झालेली धाकटी.)

बाई : पहिलं तापवणं फेकून देऊ नकोस, म्हणून मी तुला किती वेळा बजावलं?

धाकटी : पहिल्यात नुसता गोंधळ असतो, बाई. एकदा वितळवायचं, सावकाश गार करायचं, मग पुन्हा तापवायचं आणि तेच आकडे धरायचे. असंच शिकवतात सगळीकडे.

बाई : त्यांना प्लास्टिकचा स्वभाव हवा असतो. आपल्याला या औषधाच्या बाटल्या का तडकल्या ते हवंय. बाटलीचे काय हाल झाले, ते पहिल्या तापवण्यातच दिसतं. एकदा वितळली की सगळं विसरते, आणि मग पाहुण्यांसमोर बसवलेल्या पोरासारखी शहाणी वागते.

धाकटी : बरं बाई, नवा तुकडा घेते. रिकाम्या वाटीची फेरी झालीय, माप जुळवायच्या नीलमण्याचीही झालीय. आता हा घातला, की एका अंशाला किती उष्णता पितो ते कळेल.

बाई : चिमटा डाव्या हातात का धरलायस?

धाकटी : असाच. घातला तुकडा, चालू केलं.

बाई : उजवी बाही वर कर.

धाकटी : मशीनला भाजलं, बाई.

बाई : या मशीनची भट्टी माझ्या अंगठीएवढी. तिनं भाजलं तर ठिपका उठतो, मनगट सुजत नाही. कुणी पिरगाळलं?

धाकटी : हे मुळात तसे नाहीत हो.

बाई : आणि पहिल्यांदा कधी?

धाकटी : घर बदललं तेव्हा. केसाला धरून कपाटावर आपटलं. दुसऱ्या दिवशी पाय धरून रडले. मला वाटलं, सामान हलवायचा शीण, नवी जागा, त्यात कामाचं डोक्याला... ते काही धरायचं नाही. मग बरेच महिने छान होते.

बाई : म्हणजे तेही फेकून दिलंस.

धाकटी : माणसांना प्लास्टिकचे नियम लावू नका ना.

बाई : नाही लावत. प्लास्टिक निदान पाय धरून रडत नाही. आज सकाळी काय झालं?

धाकटी : पिल्लूला घेऊन आईकडे जाते म्हटलं. एवढंच म्हटलं.

बाई : पोरीनं पाहिलं?

धाकटी : उंच खुर्चीत बसली होती, हातात चमचा. रडलीसुद्धा नाही, बाई. नुसती बघत राहिली. आत्ता पाळणाघरात आहे, ते सुट्टीलाही उघडं असतं.

नवरा, दाराबाहेरून : अगं, उघड ना. डबा विसरलीस, तो आणलाय.

धाकटी : बाई, मी डबा आणलाय. तो बघा, टेबलावर.

बाई : कडी लावलेली आहे. हळू बोल.

नवरा : काचेतून दिसताय दोघी. बाई, नमस्कार! हिला दोन मिनिटं पाठवा बाहेर. आमचं घरचंच आहे.

बाई : घरचं घरी बोला. इथे तपासणी चालू आहे. दार वाजलं की आलेख हलतो.

नवरा : कसला आलेख?

बाई : काय, किती तापल्यावर बिघडतं, त्याचा.

नवरा : वा! विनोदी आहात. ए, उघड.

धाकटी : अहो, जा ना तुम्ही. मी येते संध्याकाळी घरी.

बाई : दाराजवळ जाऊ नकोस.

नवरा : घरी येणार? मग कपाटामागे भरलेली बॅग कुणाची? पोरीचे कपडे, पोरीची औषधं! माझी पोर घेऊन पळतेस? हाडं मोडून हातात देईन, कळलं? उघड! उघड म्हणतो ना!

बाई : हॅलो, गेट? वर या, आत्ताच्या आत्ता. कोण म्हणून काय विचारता? हातातला डबा बघून ज्याला आत सोडलंत, तोच. पळत या!

धाकटी : बाई, काच! काच फोडली त्यानं!

बाई : मागे हो! मागे हो, पोरी!

धाकटी : वेणी... वेणी धरलीय... सोड! सोड मला! काच लागतेय मानेला—

नवरा : जा ना आता आईकडे. जा! इथेच डोकं फोडतो, मग जा.

बाई : केस सोड तिचे. सोडतोस की नाही?

नवरा : ए म्हातारे, तुझं पण— आई गं!

बाई : गॅसच्या टाकीचा पाना आहे. अजून एक देऊ?

नवरा : बोटं मोडली माझी! मोडलीस तू बोटं!

धाकटी : मारा! बाई, अजून मारा त्याला!

बाई : काढ हात बाहेर. सरळ काढ, काचेवर घासू नकोस, तुझीच शीर कापेल.

नवरा : बघून घेतो. दोघींना बघून घेतो.

बाई : चालता हो.

धाकटी : ...गेला?

बाई : गेला. बस खाली. मान दाखव. वरवरचं आहे, हा रुमाल दाबून धर.

धाकटी : मी ‘मारा’ म्हणाले, बाई.

बाई : ऐकलं. आणि मी मारलं. जन्मात उंदीर नाही मारला मी.

धाकटी : आलेख बघा. शंभराच्या पुढे उलटा वळलाय. उष्णता पिता पिता मधेच बाहेर टाकतंय. म्हणजे बाटली घाईनं गार केली होती. रेणूंच्या निम्म्या साखळ्या रांगेत, निम्म्या गुंत्यातच अडकलेल्या. वरून कळलंच नसतं कुणाला, बाई, वरून अगदी चकचकीत—

बाई : पुरे गं. श्वास घे. ते कुठे पळून जात नाही.

धाकटी : तो कुठे गेला?

बाई : थांब, खिडकीतून दिसेल. हां, गाडीत बसतोय. रखवालदार अजून जिन्यातच असणार, म्हणे पळत या! निघाला. गेटातून डावीकडे वळला. जाऊ दे, घरी जाऊन बर्फ लावत बसेल.

धाकटी : डावीकडे?

बाई : डावीकडेच.

धाकटी : घर उजवीकडे आहे, बाई. डावीकडे पाळणाघर आहे.

बाई : त्याच्या हाती देतील का तिला?

धाकटी : बाप आहे तो. रोज संध्याकाळी तोच आणतो. हसून देतील.

बाई : तू तिथे लाव फोन. मी पोलिसांना लावते आणि गाडीची किल्ली काढते. लाव, लवकर लाव!

धाकटी : हॅलो? हॅलो, ताई आहेत का? ...तुम्ही कोण? नळ दुरुस्त करायला आलात? बरं. दादा, ऐका. ताई कुठे आहेत? गच्चीवर? नाही, बोलवायला जाऊ नका, तेवढा वेळ नाही. आधी पुढचं दार आतून लावा. कडी घाला. घातली? आता एक माणूस येईल. चांगल्या घरचा वाटेल, गोड बोलेल. हाताला लागलेलं असेल त्याच्या. मुलीचा बाबा आहे म्हणेल, आणि खरंच आहे, तरी उघडू नका. मी आई आहे तिची. तुम्ही मला ओळखत नाही, दादा, माहीत आहे मला. उजव्या हाताच्या खोलीत मुलं झोपलीत. खिडकीशी लहान गादी आहे. हिरवा फ्रॉक, अंगठा तोंडात घालून झोपते. मी फोन धरून ठेवते. तुम्ही फक्त आत जाऊन एकदा बघून या... ती आहे ना तिथे?