वस्तरा धरणार मी

वस्तरा मी घेतला हं, मुलाने नाही. आमच्या ह्यांचा हात वर्षभर थरथरतोय. रोज गुळगुळीत दाढी करणारा माणूस, खुंट वाढल्यावर चारचौघांत जायचाच बंद झाला. मुलगा म्हणतो, "वाढू दे ना दाढी, कोण बघतंय?" मी चपला घातल्या आणि घाटकोपरला सलूनच्या सामानाचं दुकान गाठलं.

दुकानदाराने लोखंडी पात्याचा वस्तरा काढला. "आजी, धार बघा. फक्त रोज पुसून तेल लावायचं."

"लोखंडी विळीची आयुष्यभर सेवा केलीय मी. आता पुरे. न गंजणारा, स्टेनलेसचा दाखव."

"त्याला धार लावायला मेहनत पडते."

"ती कधीतरी. तेल रोज. आणि आमची मोरी कायम ओली."

तो हसला. "काकांना पाठवा, हातात धरून बघतील."

"धरणार मी आहे."

मग त्याने गुपचूप स्टेनलेसचा काढला.

घरी फुग्यांना साबण फासून, त्यावर वस्तरा फिरवत आठवडाभर हात बसवला. किती फुटले ते विचारू नका. मग एका सकाळी ह्यांना खुर्चीत बसवलं. मुलगा कापूस घेऊन शेजारी उभा. दोन्ही गाल झाले, रक्ताचा थेंब नाही. वस्तरा हनुवटीखाली नेला, तसा मुलगा म्हणाला, "आई, गळ्यापाशी नको. बास झालं."

ह्यांनी डोळे मिटले, मान मागे टाकली.

"तू बाहेर जा रे. तिला नीट करू दे, मला खाली कट्ट्यावर जायचंय."