हूं म्हणायले कोणी पाहिजे

माझं नाव सुमन. माहेरची उईके. देवलापारच्या पुढं, जंगलाच्या काठानं आमचं गाव. आता रस्ता रुंद झाला, गाडी भुर्रकन निघून जाते, गाव कोणाले दिसतही नाही. आम्ही परधान. परधान म्हणजे गोंडांच्या कुळाची कथा सांगणारे. ते जजमान अन् आम्ही त्यांचे परधान, पण आडनाव दोघांचंही एकच, कारण कथेतच आहे की आम्ही त्यांचे धाकटे भाऊ. मोठ्याच्या हाती नांगर आला, धाकट्याच्या हाती किंगरी आली. किंगरी तुम्ही पाहिली नसन म्हणून सांगते. सारंगीच्या जातीचं वाद्य, पण अंगानं बारीक, बकरीचं कातडं मढवलेलं, तारा घोड्याच्या शेपटीच्या केसांच्या, अन् वाजवाले गज. आमच्या घरी ती भिंतीले टांगलेली राहे. जमिनीवर ठेवायची नाही अन् बायकांनी वाजवायची नाही. पुसायची मात्र बायकांनीच, ते चालते.

पीक घरात आलं की बाबा जजमानांच्या गावी निघत, त्याले मंगतेरी म्हणत. मी लहान होती तं मले घेऊन जात. लोक म्हणत मांगाले चालला. आई म्हणे, भाऊ भावाच्या घरी चालला, लोकाले भिकारी दिसते तं दिसो. तिथं गेल्यावर बाबा किंगरी मांडीवर घेऊन नुसते बसून राहत. गज उचलायचे नाही. घरचा मोठा माणूस न्हाऊन येई, पाण्याचा तांब्या समोर ठेवी अन् म्हणे, भाऊ, आमची कथा सांग. तेव्हाच सुरू. अन् तोच माणूस समोर बसून प्रत्येक ओळीले हूं म्हणे. बाबा म्हणत देव झाडात होता, तो म्हणे हूं. बाबा म्हणत देव उठला, तो म्हणे हूं. हूं आला नाही तं बाबा पुढं जात नसत. पाय टाकाले जमीन पाहिजे का नाही, असं म्हणत. आमचा कायदाच तो. मागितल्याशिवाय कथा नाही, अन् हुंकार दिल्याशिवाय पुढची ओळ नाही.

मंग जजमानांचं गाव धरणात गेलं. घरं पांगली, कोण कुठं कोण कुठं. बाबांची मंगतेरी बंद झाली. माझं लग्न झालं अन् मी नागपूरले आली, हुडकेश्वरले. तेव्हा तिकडं नुसते प्लॉट होते अन् कुत्रे. आमच्याकडच्यांनी, माझ्या नवऱ्यानं, बिछायत केंद्र काढलं, म्हणजे लग्नाले, तेरवीले खुर्च्या, गाद्या, सतरंज्या, भोंगे, स्टेज भाड्यानं द्यायचं. माणूस देवासारखा, पण हिशोबात शून्य. दिलेली गादी परत आली का नाही हे त्यांले माहीतच नसे. मंग मी हातात घेतलं. काय गेलं, काय आलं, कोणत्या खुर्चीचा पाय हलते, सगळं लिहून ठेवते, आजही ठेवते. मी नीट नसती तं आमचं दुकान केव्हाच उठलं असतं, हे ते स्वतःच सांगतात पाहुण्यांले.

आता हे नाटकाचं कसं सुरू झालं ते सांगते. एका शाळेचं गॅदरिंग होतं, स्टेज आमचं. मी पडद्याच्या बाजूले खुर्च्या मोजून राहिली होती. तं स्टेजवर आदिवासी डान्स आला. पोट्ट्यांच्या कमरेले पानं बांधलेली, तोंडाले कोळसा, हातात भाला, अन् हू हू हू करून गोल गोल उड्या. लोक टाळ्या वाजवून राहिले. पोट्ट्यांचा काय दोष, त्यांले जे शिकवलं ते केलं. डान्स बसवणारी बाई चांगली होती बिचारी, मलेच विचारते, कसा झाला वं डान्स? मी म्हटलं, मॅडम, आम्ही अशा उड्या मारत नाही. ती म्हणे, तुम्ही? मी म्हटलं, हो, आम्ही. तिचा चेहराच उतरला. म्हणे, मंग कसं असते तुमचं? अन् काय सांगू तुम्हाले, मले दोन वाक्यांच्या वर सांगता आलं नाही. लहानपणी सगळं ऐकलं होतं, पण ऐकता ऐकता झोपी जात होती नं मी. पूर्ण कथा एकाच माणसाजवळ, माझ्या बापाजवळ.

घरी आली अन् आमच्याकडच्यांले म्हटलं, स्टेज आपलं, भोंगे आपले, पडदा आपला, मंग नाटक दुसऱ्याचं काहून? ते म्हणे, तू एकदा ठरवलं तं मी नाही म्हणून काय करू, पडदा कोणता काढू ते सांग.

वसतिगृहात शिकणारे आपले पोट्टे-पोट्टी होते, त्यांले जमवलं. ढोलवाले मिळाले, टिमकीवाला मिळाला, दिवाळीच्या दंडारीत नाचलेले दोघे-तिघे मिळाले. रविवारी आमच्या गोदामात गाद्यांच्या ढिगावर तालीम. गोंड राजानं नागपूर वसवलं तो प्रसंग बसवला. पोट्टे म्हणे, काकू, राजाले सिंहासन पाहिजे. मी म्हटलं, लग्नातली नवरदेवाची खुर्ची आहे, लाल मखमलीची, घ्या. नाच झाला, गाणं झालं, राजा झाला. पण मधात भोक. राजा कोणत्या लोकांचा, त्यांची कुळं आली कुठून, देव कुठं बसला, हे सांगणारी कथा नव्हती. त्याच्याशिवाय आमचंही नुसतं उड्या मारणंच होतं, फक्त पानं नव्हती बांधली.

गावी गेली. बाबा तेव्हाच थकलेले, हात कापत होता. म्हटलं, बाबा, नागपूरले चला, महाल भागात एका शाळेचा हॉल घेतला आहे, कथा सांगा. म्हणे, कोणी मागितली? म्हटलं, मी मागून राहिली. म्हणे, तू परधानाची पोरगी, तू मांगणारी कशी होशीन वं? म्हटलं, हॉल भरून लोक येतीन. म्हणे, येतीन, पण त्यातला माझा जजमान कोण? मी फोन काढला. म्हटलं, मंग निदान यात तरी बोलून ठेवा, उद्या तुमच्या मागं काय राहीन आमच्याजवळ? त्यांनी फोन हातात घेतला, उलटा-पालटा करून पाहिला अन् म्हणे, हा हूं म्हणते का? म्हटलं, नाही. म्हणे, मंग याले काय सांगू?

लय राग आला मले. पण परत येताना विचार केला, बाप अडून नाही राहिला. त्यानं जन्मभर जो कायदा पाळला तोच पाळून राहिला. मंग जजमानच शोधावा लागन.

शोधता शोधता पत्ता लागला खापरखेड्याचा. वीज केंद्राची कॉलनी. रमेश उईके, कोळशाच्या पट्ट्यावर ऑपरेटर, बाबांच्या मोठ्या जजमानाचा नातू. आम्ही दोघं नवरा-बायको टेम्पो घेऊन गेलो. दार त्याच्या बायकोनं उघडलं, सुनंदा तिचं नाव. पहिलंच वाक्य, वर्गणी मागच्याच हप्त्यात दिली. मी हसली. म्हटलं, बाई, वर्गणी नको, तुमचा नवरा पाहिजे. ती म्हणे, घेऊन जा, पण रात्रपाळी करून झोपला आहे, उचलावा लागन.

रमेश उठून आला. माणूस चांगला, पण ऐकता ऐकता आखडत गेला. म्हणे, ताई, मले गोंडी येत नाही. मी म्हटलं, बाबा मराठीतच सांगतात. म्हणे, मले ते देवाचं काही माहीत नाही, माझे वडील लवकर गेले, कोणी सांगितलंच नाही. मी म्हटलं, म्हणूनच तं मागायचं. शेवटी हळूच म्हणे, कॉलनीत लोक ओळखतात, उगाच स्टेजपुढं बसून हूं हूं करणं बरं नाही दिसत. मले त्याचं समजलं. मीही तं किती वर्षं कोणाले काही सांगितलं नव्हतं. पण सुनंदा आतून चहा घेऊन आली अन् म्हणे, कोपऱ्यावरच्या टपरीवाल्याले तंबाखूचा खर्रा उधार मागाले लाज नाही वाटत तुम्हाले, अन् स्वतःच्या आज्याची गोष्ट मागाले लाज वाटते? रमेश म्हणे, तू थांब नं वं. ती म्हणे, मी थांबते, तो म्हातारा थांबन का?

रमेश कसाबसा तयार झाला, काय म्हणायचं ते मी त्याले पाठ करून दिलं. बाबांले एवढंच कळवलं, जजमान सापडला. दुसऱ्या दिवशी ते स्वतः एसटीत बसून आले, किंगरी छातीशी धरून.

कार्यक्रमाच्या दिवशी माझी सगळी तयारी चोख. तांब्या, सतरंजी, माईक, जादा माईक, पाहुण्यांचे हार. बाबा स्टेजवर किंगरी मांडीवर घेऊन बसले अन् समोरची जागा रिकामी. रमेश नाही. पाहुण्यांचं भाषण सुरू होतं अन् एरवी मी चिठ्ठी पाठवून भाषण थांबवते, त्या दिवशी देवाले म्हटलं, बोलू दे बाप्पा, अजून बोलू दे. पोट्टे म्हणे, काकू, बाबांले सांगा नं सुरू करा म्हणून, लोकाले काय समजते? मी म्हटलं, लोकाले नाही समजणार, पण त्यांले समजते. ते नाही सुरू करणार.

भाषण संपलं, टाळ्या संपल्या, अन् मागचं दार उघडलं. रमेश ड्युटीच्या कपड्यात, पायात जाड बूट, मागं सुनंदा अन् कॉलनीतले चार-सहा जण. पाळी बदलणारा माणूस उशिरा आला म्हणे. बाबा स्टेजवरूनच माईकमध्ये बोलले, बूट काढ गा. सगळा हॉल हसला. त्यानं बूट काढले, तोंड धुऊन आला, तांब्या ठेवला, उभा राहिला अन् पाठ केलेलं सगळं विसरला. ऑफिसात बोलतात तसा म्हणे, तरी कृपया कथा सुरू करावी. बाबा म्हणे, मांगून राहिला का अर्ज देऊन राहिला? परत हसले लोक. रमेशही हसला, अन् हसल्यावर मोकळा झाला. हळूच म्हणे, भाऊ, आमची कथा सांग.

बाबांनी गज उचलला. तो हात घरी चहाची बशी धरू शकत नव्हता, गज मात्र धरला. देव झाडात होता. रमेश म्हणे हूं. देव उठला. हूं. एका ठिकाणी त्यानं मधातच हूं म्हटलं, तं बाबा थांबले, म्हणे, घाई आहे का, पाळी सुटून राहिली का तुझी? असं करत करत कथा कुळापर्यंत आली, मंग माणसांची नावं सुरू झाली, कोणानं कोणतं रान तोडलं, कोणानं विहीर खोदली. मंग रमेशच्या आज्याचं नाव आलं. त्यानं आपल्या घोड्याच्या शेपटीचे केस दिले, त्याच्याच तारा या किंगरीले आहेत, असं बाबा म्हणाले. अन् हूं आला नाही.

रमेश खाली मान घालून बसला होता. खांदे हलत होते त्याचे. बाबा गज वर धरून थांबले. मले वाटलं, झालं, इथंच थांबते आता, बाप माझा पुढं जाणार नाही. तेवढ्यात मागच्या रांगेतून आवाज आला, हूं. सुनंदा. बसल्या जागेवरून, ठणठणीत. बाईनं हुंकार दिलेला आमच्यात कोणी ऐकला नव्हता. बाबांनी मान वर करून तिकडं पाहिलं. अन् गज खाली आला, तारेवर टेकला, पुढची ओळ आली. तिथून शेवटपर्यंत हुंकार तिचाच होता. मागाहून पोट्ट्यांचं नाटक झालं, लाल खुर्चीवर राजा बसला, अन् त्या दिवशी तो कोण हे लोकाले समजलं.

त्याच्यानंतर मंगतेरी परत सुरू झाली म्हणा नं. खापरखेड्याच्या क्वार्टरमध्ये पीक कुठलं, पण पोळा झाला की सुनंदा बोलावते, दरवर्षी मीही बाबांसोबत जाते, अन् आता ऐकता ऐकता झोपत नाही. पहिल्याच वेळी बाबांनी कथेच्या शेवटी, रमेशच्या नावाच्या मागं, तिचं नाव जोडलं. कोणाले विचारलं नाही, काही सांगितलं नाही.

यंदा बाबांची बोटं तारेवर टेकतच नव्हती. तरी आले, भिंतीले टेकून बसले. तांब्या ठेवला गेला. सुनंदा उठली अन् बाबांसमोर नाही, माझ्यासमोर उभी राहिली. म्हणे, ताई, आमची कथा सांगा. मी बाबांकडं पाहिलं. पुसाले घेतलेली किंगरी माझ्याच मांडीवर होती. बाबा म्हणे, तिनं मांगितलं नं? मंग माझ्याकडं काय पाहून राहिली?

वाजवली मी. करकर वाजली, आमच्या टेम्पोचं दार बरं. सुनंदा हूं म्हणत गेली, मी सांगत गेली, नावं आली, रमेशपर्यंत आली अन् मले वाटलं पार पडलं, मी गज खाली ठेवला. सुनंदा चूप. आपलं नाव आपल्या तोंडानं कशी आठवून देईन ती? मी थांबली. बाबांचे डोळे मिटलेले. मंग माझ्या ध्यानात आलं. गज परत उचलला, अन् रमेशच्या घरची सुनंदा, असं म्हटलं. भिंतीकडून बारीक आवाज आला, हूं.

आता रविवारी तालीम राहते, पुढच्या महिन्यात त्याच गॅदरिंगवाल्या बाईंच्या शाळेत कार्यक्रम आहे, त्यांनी स्वतः मागितला आहे. सतरंज्या धुवाले टाकायच्या आहेत, उठते मी. तुम्ही इतका वेळ ऐकलं, बरं वाटलं. तुमच्याही घरात सांगणारं कोणी राहो, अन् समोर बसून हूं म्हणणारंही कोणी राहो.