खडवलीचं घर आणि तानाजीचा 'परवा'

नाही, पण मला एक सांगा, 'परवा' म्हणजे नक्की कधी हो? आज सोमवार असेल तर परवा बुधवार, हे आपण शाळेत शिकलो की नाही? मग आमच्या देवरामकाकांचा स्लॅब ज्या बुधवारी भरायचा होता, तो बुधवार डिसेंबरात निघाला आणि फेब्रुवारीत पोचला, हे कुठलं कॅलेंडर? तुम्हाला सांगतो, ह्या एका शब्दानं आमच्या अख्ख्या मजल्याचं डोकं उठवलेलं!

देवराम शेलार म्हणजे ठाण्यात वर्तकनगरला आमच्या समोरचं दार. एकतीस वर्षं खोपटच्या एसटी डेपोत वाहतूक नियंत्रक. गाडी दोन मिनिटं उशिरा आली की ड्रायव्हरला खिडकीशी बोलावून विचारायचे, "काय रे, वाटेत सासुरवाडी लागली काय?" असा माणूस! घरात चहा चारला म्हणजे चारला. पाच मिनिटं इकडे तिकडे झाली तर नीलाकाकू, म्हणजे त्यांची बायको, कप ठेवता ठेवता स्वतःच म्हणायच्या, "लिहा, माझ्या नावापुढे लाल शेरा लिहा."

आणि अशा माणसानं रिटायर झाल्यावर काय करावं? तर नदीकाठच्या खडवलीला घर बांधायला काढलं! दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे छोटीशी ओटी. कंत्राटदार तिथलाच, तानाजी भोईर. पस्तिशीचा, कमी बोलणारा, मान खाली घालून ऐकणारा. दिवाळीला नारळ फुटला, होळीच्या आत चावी देतो म्हणाला. झालं, काका दर दोन दिवसांनी खडवलीला, आणि संध्याकाळी जिन्यात आमच्यासमोर त्याची नक्कल! मान अशी तिरकी करायची, आवाज असा गुळगुळीत, "होईल ना साहेब... परवा." स्लॅब? परवा. खिडक्या? परवा. लादी? परवा! "अरे, मी ह्याला माझ्या डेपोत एक दिवस ठेवला असता ना, तर हा परवा म्हणायच्या आधी घड्याळाला नमस्कार करायला शिकला असता!" आणि आम्ही हसतोय हो... आम्हाला काय, फुकटची करमणूक. मीसुद्धा म्हणायचो, काका, ही जातच तशी, कंत्राटदार आणि खरं बोलेल?

होळी गेली, पाडवा गेला. मग एका सकाळी काकांनी काय केलं, तर सोसायटीच्या ग्रुपवर तानाजीचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "सावधान! हा माणूस चोर आहे, लबाड आहे, ह्याला कोणीही काम देऊ नये." नाव, नंबर, गाव, सगळं! नीलाकाकू म्हणाल्या, "अहो, चोर कशाला? त्यानं काय चोरलंय?" तर काका म्हणाले, "माझा वेळ चोरलाय!"

आणि वर अक्षय्य तृतीयेची वास्तुशांत ठरवून मोकळे! तानाजीला विचारलं? नाही. तो बिचारा फोनवर म्हणत होता, "साहेब, तारीख जरा पुढं घ्या, दारं यायची आहेत." काका म्हणाले, "सुटायची वेळ झाली की गाडी सुटते!" पन्नास माणसं, बस, भटजी, आचारी... निघालो.

घर कसं होतं म्हणता? भिंती होत्या, छप्पर होतं. स्वयंपाकघरात ओटा नव्हता, तिथे नुसता विटांचा ढिगारा. खोल्यांना दारं नाहीत, आणि खोल्यांचं जाऊ द्या हो, संडासाला दार नाही! तिथे चादर टांगलेली, आणि त्यात नदीकडून असला वारा... काकूंची मोठी बहीण आत, आणि बाहेर दोन भाच्या चादरीची दोन टोकं धरून झेंडावंदनाला उभ्या राहाव्यात तशा ताठ! काका ते बघत होते. मान वर करून कोणाकडे बघवेना त्यांना. ज्यानं जन्मभर दुसऱ्याचा उशीर मोजला, त्याच्या दारात... म्हणजे दार नव्हतंच, पण त्याच्या चौकटीत पन्नास माणसं उभी, आणि प्रत्येक जण म्हणतोय, "छान आहे हो, हवेशीर आहे."

हे 'हवेशीर' त्यांना फार लागलं. त्याच वेळी तानाजी आला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात पेढ्यांचा पुडा. काकांचा तोल गेला. भर मांडवात ओरडले, "या! या परवाशेठ! सांगा ह्या सगळ्यांना, का उशीर झाला? आज जबाब दिल्याशिवाय सोडणार नाही!"

आम्ही सगळे गोल करून उभे. मीही पुढेच होतो, खोटं कशाला बोलू. तानाजीनं पुडा खाली ठेवला, हात जोडले. म्हणाला, "चुकी माझी आहे साहेब. उशीर माझ्यामुळं झाला."

एवढंच. काका आणखी चढले, "चुकी म्हणे! ही चुकी नाही, ही लबाडी आहे!"

तेवढ्यात मागून आवाज आला, "बास!" रामा गवंडी. साठीचा माणूस, डोक्याला टॉवेल. "बास झाला, शेठ. तुम्ही म्हनता उशीर का झाला? या इकडं, मागच्या खोलीत या सगले."

तानाजी त्याला अडवतोय, "रामाकाका, नको..." पण रामा कुठला थांबतो! मागच्या खोलीची एक भिंत प्लास्टरची राहिलेली, आणि तिच्यावर सुताराच्या निळ्या पेन्सिलीनं ओळीच्या ओळी. अक्षर कोणाचं? काकांचं! सवय ना डेपोची, तोंडी काही सांगायचं नाही, लेखी, वेळेसकट, खाली सही. काकांच्या साडूंनी चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली, "खिडकी दक्षिणेला नको, पश्चिमेला घ्यावी. दे. शेलार, दहा चाळीस." पुढची ओळ, "खिडकी पुन्हा दक्षिणेलाच घ्यावी. दे. शेलार, अकरा पंधरा." मग ओटा डावीकडे. ओटा उजवीकडे. ओटा तोडावा, उंची दोन इंच कमी. दारं सागाची नकोत, परत पाठवावीत... अहो, भिंत संपेना! साडू नको तितके स्पष्ट वाचत होते, आणि काका शेजारी उभे, कान लालबुंद, जसं काही कोणी त्यांचीच कुंडली उघड्यावर मांडलीय.

रामा म्हणाला, "ओटा तीनदा तोरला ह्या हातानं. प्रत्येक टायमाला तानाजी बोलायचा, साहेब, हे आता तोरलं तर काम परवावर जाईल, बघा. हे बोलायचे, जाऊ दे."

आता कळलं तुम्हाला? पूर्ण वाक्य होतं ते! काकांनी आम्हाला फक्त शेवटचा शब्द सांगितलेला. परवा!

कोणीतरी तानाजीला विचारलं, "अरे, मग तू चूक कशाला कबूल केलीस?" तो पायातल्या चपलेकडे बघत म्हणाला, "आज वास्तू आहे त्यांची. आजच्या दिवशी घराच्या धन्याला पाहुण्यांसमोर खाली कसं पाडायचं?"

जेवणं झाली. जिलेबी होती, पण कोणी दुसऱ्यांदा मागितली नाही हो. परतताना काका बसमध्ये ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसले, खिडकीकडे तोंड करून. काकूंनी हातावर हात ठेवला, तोही त्यांनी हळूच सोडवून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका एकटेच तानाजीच्या घरी. हे मला काकूंनी नंतर सांगितलं. तानाजी कामावर गेलेला, अंगणात त्याची आई, हौसाबाई, तांदूळ निवडत बसलेली. काकांनी रस्ताभर पाठ केलेलं, काय बोलायचं ते. तिच्यासमोर उभे राहिले आणि सगळं विसरले. म्हातारीनं विचारलं, "तुम्हीच काय ते साहेब? माझ्या पोराला चोर लिवनारे?" काकांनी मान हलवली. तर ती उठली, आत गेली, पाण्याचा तांब्या घेऊन आली. "आधी पानी घ्या. उन्हातून आलाव."

काका म्हणतात, ते पाणी पिणं हे आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

"माझं चुकलं," काका म्हणाले.

"मला नका सांगू," हौसाबाई म्हणाल्या. "मी आई हाय त्याची, मला ठाव हाय तो कसा हाय. जिथं लिवलाव ना, तिथंच लिवा."

काका आले, फोन घेऊन बसले. दुपारचे एक ते पाच. लिही, खोड, लिही, खोड. चारचा चहा तसाच गार झाला, आणि काकांना वेळ कळली नाही! शेवटी मेसेज गेला. मोठा होता, मनापासून होता. उशीर माझ्यामुळे झाला, चोर म्हटलं त्याची लाज वाटते, तानाजी भोईर सरळ माणूस आहे, उत्तम काम करतो, कोणाला घर बांधायचं असेल तर जरूर बोलवा. खाली नाव, नंबर.

आणि चार मिनिटांत तो मेसेज गायब! ॲडमिननं काढून टाकला. का? तर ग्रुपवर जाहिरात करायची नाही असा नियम आहे. आता ॲडमिन कोण, असं विचारू नका... मीच. अहो, पूर्ण वाचला कुठे होता मी? नंबर दिसला, 'उत्तम काम' दिसलं, 'बोलवा' दिसलं... दाबलं बटण!

काका संध्याकाळी आले आमच्याकडे. मला वाटलं आता ओरडणार. मी तोंड भरून सॉरी म्हणायला तयार. पण ते नुसते खुर्चीत बसले, थकल्यासारखे. म्हणाले, "राहू दे रे. उद्या परत लिहीन, नंबर न घालता. फक्त एक सांग... तो पहिला मेसेज, चोर म्हटलेला, तो मात्र पूर्ण वाचला होतास ना?"

त्याला एक्केचाळीस अंगठे मिळालेले. त्यातला पहिला माझा होता.