घरात सून आहे

कोर्टाबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी एक सासू-सून बसल्या होत्या.

"नाकारला ना जामीन?"

"हो, आई."

"खुनाचा आरोप आहे म्हणून?"

"त्यावरून तर मागेच नाकारला होता. या वेळी तुमच्या आजारपणासाठी महिनाभरच मागितला होता."

"मग माझे कागद बघितले नाहीत साहेबांनी?"

"सगळे बघितले. म्हणाले, आईचं करायला घरात सून आहे, मुलाला सोडायची गरज नाही."

"तू आहेस हे त्यांना कोणी सांगितलं?"

"दवाखान्याच्या प्रत्येक कागदावर माझीच सही आहे."

"कशाला एवढ्या सह्या करत बसलीस?"

"तुम्हाला ॲडमिट करायचं होतं. मग काय, भिंतीनं सही केली असती? पाय पुढे करा, चपलेचा पट्टा लावते."

"राहू दे. तू आपली माहेरी जा."

"चिडलात माझ्यावर?"

"चिडायला तरी त्राण कुठंय? पुढचा अर्ज करायच्या आत जा. शेजारपाजाऱ्यांना दिसेल अशी बॅग घेऊन जा."

"आणि तुम्हाला उठवणार कोण? आंघोळ कोण घालणार?"

"कोणी नाही. तेच लिहायला सांग वकिलांना."

"सांगते. आधी खांद्यावर हात ठेवा माझ्या, जिना उतरायचाय."