पहिल्या रांगेतली खुर्ची

हडपसरच्या बसमध्ये माझ्या पुढच्या बाकावर एक वयस्कर जोडपं होतं. आजोबांच्या मांडीवर स्टेडियमची जुनी लोखंडी खुर्ची होती. मी पुस्तक उघडं धरून ऐकत राहिलो, हे खरं.

"स्टेडियम पाडायच्या आधी जुन्या नोकरांना एकेक खुर्ची दिली, तेवढं तरी बरं केलं," आजी म्हणाल्या.

"वहिनीनं मागितली म्हणून घेतली."

"दादांची खुर्ची म्हणून फोटोखाली ठेवणार आहेत. एवढ्या हजारांतून तुम्ही नेमकी ओळखलीत हो!"

"अगं प्रेमला, दादा कुठल्याच खुर्चीत बसला नव्हता."

"अहो, सामना बघून आले होते ना?"

"मीच म्हटलं होतं, तिकीट काढू नकोस, गेटवर मी आहे. तो आला तेव्हा नेमके साहेब शेजारी उभे. मी म्हणालो, तिकीट नसेल तर बाजूला व्हा."

"सख्ख्या भावाला?"

"ओळखच दाखवली नाही. तो गुपचूप गेला."

"पण घरी तर म्हणाले, पोपटनं पहिल्या रांगेत बसवलं!"

"मरेपर्यंत तेच सांगायचा. माझ्यासमोर."

आजी त्यांच्याकडे वळल्या.

"वहिनीला काय सांगू?"

"द्या इकडे. खुर्ची मी धरते, बोलायचं तुम्ही."